पन्नासपैकी चाळीस

आत्याला नमस्कार केला तर ती तुमच्या तोंडाकडे बघायची नाही, तुमच्या हातांकडे बघायची. जोडलेले हात दोन-चार क्षण निरखायची आणि "हलतंय" एवढंच बोलून मान फिरवायची. त्या एका शब्दात समोरच्याचा हुद्दा, शिक्षण, वय सगळं निकालात निघायचं. अभियंते, डॉक्टर, एक निवृत्त पोलीस अधिकारी, असे भले भले लोक मी त्या शब्दाखाली आडवे झालेले पाहिले आहेत. मी स्वतः तर पहिल्या भेटीतच आडवा झालो आणि पुढे कधी नीट उठलो नाही. तुमच्या ओळखीत अशी एखादी बाई असेल तर मी काय म्हणतो ते तुम्हाला कळेल. नसेल, तर तुमचं आयुष्य सुखात गेलं असणार.

आत्या बेलापूरच्या खाडीवरच्या दिवाळे गावची. लहानपणी ताप आला आणि दोन्ही पाय गेले. बापाची होडी होती, भाऊ होते, मासळी सुकवायचं खळं होतं. चालू न शकणाऱ्या पोरीला कुठलं काम द्यायचं म्हणून बापाने तिला खळ्यावर पाट टाकून बसवलं आणि कावळे हाकायला सांगितलं. हातात बेचकी आणि शेजारी चुलीत भाजलेल्या मातीच्या गोळ्यांची पाटी. तिथे ती चाळीसेक वर्षं बसली. बोंबील वाळत घातलेल्या बांबूवर कावळा उतरला की आत्याची गोळी सुटायची, पण कावळ्याला लागायची नाही. त्याच्या पायांपासून वीतभर अंतरावर बांबूला लागायची. एक कावळा मेला तर गावातले सगळे कावळे जमून दिवसभर कावकाव करतात आणि मासळीची वाट लागते, हे तिचं शास्त्र होतं. कावळ्याला मारणं कुणालाही जमतं, त्याच्या शेजारी मारायला अक्कल लागते, असं ती म्हणे.

आता आमच्या क्लबबद्दल सांगतो. मी बीडकडचा. नवं शहर वसवणाऱ्या महामंडळात टायपिस्ट म्हणून लागलो आणि वाशीच्या क्वार्टरमध्ये राहायला आलो. त्या दिवसांत वाशीत माणसं कमी आणि सेक्टर जास्त होते. रविवारी साहेब लोकांना करमत नसे. मग त्यांच्यातल्या कुणीतरी एअर रायफलचा क्लब काढायचं ठरवलं. समाजमंदिराच्या मागे पत्र्याची एक लांब शेड मिळाली. तिच्या एका टोकाला नेमबाज उभे राहणार, दहा मीटरवर दुसऱ्या टोकाला गोल काढलेली कार्डं, आणि कार्डांमागे छर्रे अडकायला मऊ लाकडाच्या फळ्या. मला टायपिंग येत होतं म्हणून मी सहचिटणीस झालो. सहचिटणीस म्हणजे नियम टाइप करणारा, पोह्यांची ऑर्डर देणारा आणि आडोशामागे उभं राहून कार्डं बदलणारा.

अध्यक्षसाहेब कार्यकारी अभियंता होते. त्यांच्याकडे शिकाऱ्याची टोपी होती, चामड्याचा हातमोजा होता, डोळ्यावर चढवायची एक पिवळी काच होती आणि कार्डाच्या काळ्या गोलाशी त्यांचं सात जन्मांचं वैर होतं. गोळी चुकली की ते रायफलकडे असं बघायचे जणू तिची बदलीच करणार आहेत. बाकीची मंडळी त्यांच्याच माळेतली. पोटं सावरत उभी राहायची, दहा-वीस छर्रे पत्र्याला लावायची आणि साडेदहाला पोहे खाऊन नेमबाजीने मन कसं एकाग्र होतं यावर बोलायची. इतक्या साऱ्या एकाग्र माणसांनी मिळून वर्षभरात एक धड कार्ड काढलं नव्हतं. मी हे सगळं तेव्हाही बघत होतो, आणि "व्वा साहेब" म्हणत होतो. तेव्हा माझ्याबद्दलही फार चांगलं मत करून घेऊ नका.

अशात एक वर्ष अपंगांचं वर्ष म्हणून जाहीर झालं. आज आपण दिव्यांग म्हणतो, तेव्हा अपंगच म्हणत. सगळ्या संस्थांना कार्यक्रम करायची घाई झाली. कुणी तीनचाकी वाटल्या, कुणी व्याख्यानं ठेवली. अध्यक्षसाहेबांनी मला केबिनमध्ये बोलावून सांगितलं, "साळवे, आपल्यालाही एक अपंग बघा." जणू पंखा बसवायचा राहिला होता. मी क्वार्टरमध्ये मासळी विकायला येणाऱ्या पारूकडे सहज विषय काढला. ती म्हणाली, माझी आत्या आहे, पाय नाहीत पण नेम असा की बघत राहाल. पारूची आत्या म्हणून ती पुढे सगळ्यांचीच आत्या झाली.

मी दिवाळ्याला गेलो, नमस्कार केला आणि "हलतंय" ऐकून घेतलं. मग येण्याचं कारण सांगितलं. तिने सगळं ऐकलं, मधेच एका कावळ्याला बांबूवरून उठवलं आणि दोनच गोष्टी विचारल्या. बंदूक खरी आहे का, आणि तिथे बसायला मिळेल का. अपंगांचं वर्ष, सत्कार, पाहुणे यातलं काही तिच्या कानात शिरलंच नाही. तिला बंदूक पाहिजे होती. गावच्या जत्रेत फुगे फोडायच्या बंदुकीवर तिने एकदा हात चालवला होता आणि दुकानवाल्याने तिसऱ्या खेपेला हात जोडून तिला उठवलं होतं. तेव्हापासून तिच्या मनात ती बंदूक राहून गेली होती.

पुढच्या रविवारी ती पारूच्या मासळीच्या टेम्पोतून आली. शेडला तीन पायऱ्या होत्या. अध्यक्षसाहेबांनी हार आणला होता आणि तिला खुर्चीसकट उचलून आत न्यायला चार जणांना तयार ठेवलं होतं. फोटोवालाही होता. आत्याने त्या चौघांचे हात पाहिले, मग पायरीला पाठ लावून बसली आणि दोन्ही हातांवर भार देत मागच्या मागे एक एक पायरी चढली. हार घालायला कुणी उरलंच नाही, कारण ती फार खाली होती आणि साहेबांना वाकवत नव्हतं. आत गेल्यावर तिने खुर्ची नाकारली आणि टेम्पोतला मासळीचा रिकामा खोका मागवला. तो उलटा टाकून ती त्यावर बसली. शेडभर सुकटीचा वास पसरला आणि आमच्या दोन सभासदांनी नाकाला रुमाल लावले. त्या रुमालांचं मला अजून हसू येतं.

पहिले पाच छर्रे खाली गेले. साहेबांनी लगेच "छान, छान" म्हटलं. आत्याने त्यांच्याकडे दुर्लक्ष करून रायफल उलटसुलट पाहिली आणि वरचा स्क्रू कशाचा म्हणून मला विचारलं. मी सांगितलं. तो नेम वर-खाली करायचा. तिने तो नखाने फिरवला. पुढचे पाच काळ्यात. मग कार्ड हातात घेऊन तिने ते आधी उलटं करून मागची बाजू पाहिली. ही तिची कायमची सवय झाली. पुढून सगळीच भोकं सारखी दिसतात, मागून खरं कळतं, असं तिचं म्हणणं. चपट्या तोंडाचा छर्रा कागद गोल कापून जातो, तिरका गेला तर मागे कड फाटते. आम्ही तीन वर्षं नेमबाजी करत होतो आणि आमच्यापैकी कुणी कार्डाची मागची बाजू पाहिली नव्हती.

कार्यक्रम झाला, फोटो छापून आला, आणि अपंग मिळाल्याचं समाधान मानून साहेब आत्याला विसरायला मोकळे झाले. पण आत्या पुढच्या रविवारी परत आली. त्याच्या पुढच्याही. हे कुणाच्याच योजनेत नव्हतं. साहेबांनी मला विचारलं, ही रोज येणार का. मी म्हटलं रोज नाही, रविवारीच. शेवटी असं ठरलं की साहेब लोक पोहे खाऊन गेले की अकरा ते एक शेड आत्याची. ती वेळ देताना त्यांनी ठरावात "सहानुभूतीपूर्वक" असा शब्द घालायला लावला. तोही मीच टाइप केला.

हळूहळू त्या वेळेला आणखी दोघे यायला लागले. एक बेलापूर पट्टीतल्या कारखान्यात डावा हात मनगटापासून गमावलेला फिटर, आणि दुसरा आमच्याच ऑफिसातला, ऐकू न येणारा नकाशे काढणारा जोशी. आत्याने दोघांनाही शिकवलं, पण शिकवताना गोड बोलण्याची चूक केली नाही. फिटर पहिल्या दिवशी हात कसा गेला ते सांगायला लागला तेव्हा तिने त्याला गप्प केलं. गेलेल्या हाताने मारायचं नाही, असलेल्याने मारायचं, ती म्हणाली. त्याच्यासमोर तिने शेडच्या आढ्याला जाळ्याच्या दोरीचा एक फास टांगून घेतला, आणि त्यात नळी टेकवून त्याने तीन महिन्यांत आमच्या अध्यक्षांपेक्षा बरी कार्डं काढली. यात त्याचं कौतुक आहेच, पण आमच्या अध्यक्षांपेक्षा बरी कार्डं एखादं झाडही काढू शकलं असतं. जोशीला ती खुणेने शिकवायची. श्वास पूर्ण सोडायचा, थांबायचं, मग बोट. याहून जास्त तिला काही शिकवायचंच नव्हतं. साहेब श्वास भरून मारायचे. ती म्हणायची, फुगलेलं माणूस नेम काय धरणार.

मग वार्षिक स्पर्धा आली. शेडमध्ये एक शिसवी पाटी होती. तिच्यावर दर वर्षी खुल्या गटात पहिल्या आलेल्याचं नाव सोनेरी रंगात लिहायचं. आत्याला त्या पाटीवर नाव पाहिजे होतं. तिने ते सरळ सांगितलं. सत्कार नको, ढाल नको, अपंगांचा गट नको. सगळ्यांमध्ये धरा, आणि जास्त आले तर पाटीवर लिहा. आयुष्यात तिने कुणाकडे काही मागितल्याचं मला माहीत नाही. ही एकच गोष्ट मागितली, तीही असल्या माणसांकडे.

समितीत यावर तासभर चर्चा झाली. नियमात "उभे राहून" असं आहे, असं एकाने काढलं. दुसऱ्याला काळजी वाटली की हरली तर तिला वाईट वाटेल. जिंकली तर कुणाला वाईट वाटेल हे कुणी बोललं नाही, पण खोलीत ते सगळ्यांना कळत होतं. अपंगांचा वेगळा गट ठेवू, अंतर पाच मीटर करू, अशी उदार सूचना आली. आत्याने निरोप पाठवला की दहा मीटर. शेवटी अध्यक्षसाहेबांनी मोठं मन केलं. गट वेगळाच राहील, बसून मारायला विशेष बाब म्हणून हरकत नाही, दहा मीटर मान्य, आणि खुल्या गटातल्या पहिल्यापेक्षा तिचे गुण जास्त झाले तर पाटीवर तिचं नाव. हे त्यांनी हसत मान्य केलं, कारण आजूबाजूला सगळे हसत होते.

स्पर्धेच्या दिवशी सकाळी त्यांनी मला बाजूला घेतलं. कुणी मोठे पाहुणे येणार होते. साहेब म्हणाले, "साळवे, बाई नर्व्हस होतील. पाहुण्यांसमोर ऑकवर्ड नको. तुम्ही मागे असताच, जरा बघून घ्या." मला नोकरीत कायम करण्याचा कागद त्यांच्या टेबलावर होता. पण खरं सांगायचं तर कागदाची भीती नंतर आली. त्या क्षणी मला ते पटलं होतं. बिचारी, म्हटलं, आपण मदत करू.

पाहुण्यांना लवकर जायचं होतं म्हणून आत्याचा गट पहिला ठेवला. त्या दिवसासाठी फळ्या सगळ्या नव्या कोऱ्या लावल्या होत्या. पाच छर्रे, पन्नास गुण. मी आडोशामागे उभा होतो. पलीकडे माइकची खरखर, खुर्च्या, कुणाचं तरी खोकणं. पहिला आवाज झाला. मग दुसरा. पाच झाले तेव्हा मी पुढे होऊन कार्ड पाहिलं, आणि त्यावर एकच भोक होतं. अगदी मधोमध, थोडं मोठं, कडा खाल्लेल्या.

म्हणजे एक लागली, चार हुकल्या. एवढ्या लोकांसमोर हात हललाच शेवटी तिचा. आमच्या क्लबात पाच छर्रे एका भोकात कुणी कधी घातले नव्हते, म्हणून तसं होऊ शकतं हे माझ्या डोक्यातच आलं नाही. मी कार्ड काढलं, खिशातली पेन्सिल घेतली आणि काळ्या गोलात चार भोकं पाडली. संशय येऊ नये म्हणून फार आतही नाहीत. दोन आठच्या घरात, दोन सातच्या. पेन्सिल खिशात ठेवताना मला स्वतःबद्दल बरं वाटलं, हे कबूल करायला पाहिजे. मग मी कार्ड टेबलावर नेऊन दिलं.

साहेबांनी माइकवरून जाहीर केलं, चाळीस. टाळ्या झाल्या. पाहुणे ढाल घेऊन उठले. आत्याने ढालीकडे न बघता कार्ड मागितलं आणि नेहमीसारखं उलटं केलं. मागे चार ठिकाणी कागद फाटून कोंब बाहेर आले होते. ते तिने बोटाने चाचपले. मग डोकं वर केलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "ही चार माजी नायत. माजी पाचय एका भोकान गेल्यान."

कुणीतरी हसलं. मग बरेच जण हसले, वाईट मनाने नव्हे, लहान मूल काही बोललं की हसतात तसे. साहेब माइक बाजूला धरून म्हणाले, "आत्या, चाळीस फार छान आहेत हो." आत्या त्यांच्याकडे वळलीच नाही. तिने माझ्याकडे पाहिलं. पहिल्यांदाच तोंडाकडे.

"साळव्या, तू मागं व्हतास. फली घेऊन ये."

तिचं बरोबर होतं. कार्डावरची भोकं कुणीही पाडील, फळीवर छर्रे असले पाहिजेत. फळी माझ्यापासून दहा पावलांवर होती. मी अध्यक्षसाहेबांकडे बघितलं. त्यांनी घड्याळाकडे बघितलं आणि पाहुण्यांची गाडी लागली आहे, ते सगळं नंतर, असं म्हणाले. मी उभा राहिलो. दहा पावलं. बीडहून वाशीपर्यंत आलेला मी तेवढं चाललो नाही. आत्याने ढाल खोक्यावर पालथी ठेवली आणि ज्या पायऱ्या चढून आली होती त्या उतरून टेम्पोकडे गेली. या वेळी तिला उचलायला कुणी पुढे झालं नाही.

दुपारी खुल्या गटाचा निकाल लागला. पाणीपुरवठ्याचे उपअभियंता पहिले, एक्केचाळीस गुण. "एकाच गुणाने हुकलं हो बाईंचं," साहेब जाताना मला म्हणाले. त्यांच्या आवाजात खरोखरच हळहळ होती, आणि तीच मला जास्त घाण वाटली.

सगळे गेल्यावर मी आत्याची फळी काढली. ती बसून मारणार म्हणून खाली वेगळी लावली होती, खुल्या गटातल्या कुणी तिच्यावर मारलं नव्हतं. एकच खळगा. खिशातल्या चाकूने कोरलं तेव्हा पाच छर्रे एकावर एक चेपून बसलेले निघाले. मी खाली जमिनीवर बसलो आणि ते तळहातावर घेऊन बघत राहिलो. पन्नासपैकी पन्नास. माझी दया झाली नसती तर पाटीवर त्या वर्षी तिचं नाव असतं. तिला हरवायला एवढे अधिकारी कमी पडले, आणि मी ते एका पेन्सिलीने केलं, मदत म्हणून. कपट केलं असतं तरी निदान तिचा नेम खरा मानून केलं असतं. मी तेवढाही मान दिला नव्हता.

दुसऱ्या दिवशी रजा टाकून दिवाळ्याला गेलो. फळी आणि छर्रे तिच्या पुढ्यात ठेवले आणि सगळं सांगितलं, पेन्सिलीसकट. मी रडतही होतो. आत्या जाळं विणत होती, ती विणत राहिली. माझं सांगून संपल्यावर तिने फळी हातात घेतली, खळग्यात बोट घालून बघितलं आणि मला परत दिली.

"मना कशाला दाखवतंस? मना ठाव हाय. ज्यांना ठाव नाय त्यांना दाखव."

मी म्हटलं, दाखवतो. आणि दाखवली नाही. आधी कायमचा कागद यायचा होता. तो आल्यावर क्वार्टर बदलून मिळायचं होतं. मग मुलीची शाळा. कारणांना काय तोटा, प्रत्येक महिना एक नवं घेऊन यायचा. फळी मी वर्तमानपत्रात गुंडाळून माळ्यावर ठेवली होती. आत्याने पुन्हा कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं.

तुम्हाला वाटेल की ती क्लबात परत आली नसेल. आम्हालाही तसंच वाटलं होतं, आणि समितीतल्या काहींना हायसं वाटलं होतं. पण पुढच्या रविवारी अकराला टेम्पो दारात उभा. फिटरने न राहवून विचारलं की इतकं होऊन ही कशाला आली. तिने उत्तर दिलं की रुसून घरी बसले तर त्यांचं फावेल, आणि बंदूक काय त्यांच्या बापाची आहे. बदल एकच झाला. तिची कार्डं बदलायला मी चालत नव्हतो, जोशी लागायचा. मी शेडमध्ये असलो तर ती माझ्याशी बोलायची, पारूची मासळी कशी आहे वगैरे विचारायची, पण कार्डाला हात लावू द्यायची नाही. तशी पाच-सहा वर्षं ती येत राहिली. स्पर्धेत पुन्हा नाव दिलं नाही. त्या अकरा ते एकच्या वेळात नंतर आठ-नऊ जण यायला लागले, आणि आमच्या क्लबातलं एकमेव खरं नेमबाजीचं काम तेवढ्या वेळातच व्हायचं. साहेब लोक त्याचा उल्लेख अहवालात "क्लबचा उपक्रम" असा करायचे.

शेवटची दोन वर्षं तिला दमा लागला. श्वास सोडून थांबणं जमेना, तेव्हा तिने स्वतःच एक दिवस रायफल फिटरच्या हातात दिली आणि आता यायची नाही म्हणून सांगितलं. मी तिला टेम्पोपर्यंत पोचवायला गेलो. निघताना तिने माझे हात बघितले. मग टेम्पो चालू करायला सांगितलं. त्या पावसाळ्यात पारूने दारात पाटी उतरवताना मला ती गेल्याचं सांगितलं आणि पदराने डोळे पुसून सुरमई कापायला बसली.

मग मी बोललो. अध्यक्षसाहेबांची तोवर बदली झाली होती, मी कायम होतो, मुलगी शाळेत होती आणि आत्या मेली होती. इतक्या सुरक्षित जागेवरून मी वार्षिक सभेत उभा राहिलो, फळी टेबलावर ठेवली आणि सगळं सांगितलं. सभेने शांतपणे ऐकलं. एकाने विचारलं, फळी त्याच दिवशीची कशावरून. दुसरा म्हणाला, गेलेल्या माणसाबद्दल आता वाद नको. नव्या अध्यक्षांनी भारावलेल्या आवाजात सूचना मांडली, आणि ती टाळ्यांच्या गजरात मंजूर झाली, की आत्यांच्या स्मरणार्थ अपंगांसाठी प्रोत्साहनपर चषक ठेवावा. अंतर पाच मीटर. तेवढ्यात चिटणिसांनी माझ्याकडे वाकून विचारलं, आत्यांचं पूर्ण नाव काय हो साळवे, चषकावर घालायला लागेल. सात वर्षं ती त्यांच्या शेडमध्ये बसून होती.

मी सांगितलं नाही. त्या चषकासाठी तरी नाही. फळी उचलली, राजीनामा टाइप करून दिला आणि घरी आलो. पुढे ती शेडही पडली, पाटी कुठे गेली कुणास ठाऊक. पण तिचं पूर्ण नाव मला माहीत आहे, कारण तिचा स्पर्धेचा अर्ज मी माझ्या हाताने टाइप केला होता. ज्यांना ठाव नाय त्यांना दाखव, असं ती म्हणाली होती. तुम्हाला ठाव नव्हतं.

तुळसाबाई पोशा कोळी, मुक्काम दिवाळे. खुला गट, दहा मीटर, पाच छर्रे. पन्नास.